फोमचं चिलखत, आठ महिन्यांनी

गेल्या पावसाळ्यात मी माझं पहिलं साय-फाय चिलखत बनवलं. ते कुठल्या सिनेमातलं नाही. चंद्रावरच्या खाणीत दुरुस्तीची कामं करणारी एक बाई बरेच दिवस माझ्या डोक्यात होती, तिचा हा कामावरचा पोशाख. जून ते ऑगस्ट बांधणी चालली आणि सप्टेंबरपासून आजवर नऊ वेळा तो पूर्ण अंगावर चढवला. सोसायटीच्या गणपतीत, डिसेंबरात कॉस्प्ले, म्हणजे पात्रांसारखा पोशाख करून वावरणाऱ्या मैत्रिणींबरोबर, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त शेजारच्या मुलांसमोर आणि एप्रिलमध्ये इथे पुण्यातल्या वेताळ टेकडीवर, जुन्या दगडखाणीपाशी फोटोंसाठी. बनवतानाचे फोटो पुष्कळ बघायला मिळतात. तीन तास घातल्यावर काय होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

सगळं काम ईव्हीए फोममध्ये आहे. सुरुवात जिममध्ये अंथरतात त्या एकमेकांत अडकणाऱ्या, दोन बाय दोन फुटांच्या मॅटपासून केली. नंतर रविवार पेठेत चपलांचा कच्चा माल विकणाऱ्या दुकानातून शीट आणल्या. फरक आठ महिन्यांनी कळला. मॅटचा फोम मऊ, त्यावर बोट दाबलं तर खळगा राहतो. पाठीचा भाग कपाटात नुसता टेकून ठेवला होता, तर त्याला कडेची रेघ कायमची पडली. चपलेचा फोम घट्ट आहे आणि अजून जसाच्या तसा आहे. आता घेतला तर छाती-पाठीला १० मिमी, हातापायांना ५ मिमी आणि वरच्या नक्षीला २ मिमी, आणि सगळा चपलेचाच.

मापं घेताना आईने मला स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म गुंडाळली, वर चिकटपट्टीचे थर दिले, पेनाने रेघा आखल्या आणि कात्रीने ते कवच कापून काढलं. सपाट केलं की झाला नमुना. ही पद्धत उत्तम आहे, पण दोन गोष्टी हुकल्या. एक म्हणजे फोमची जाडी. वाकवल्यावर आतली बाजू दबते, बाहेरची ताणते, त्यामुळे गोल भागाचा घेर जाडीच्या ३.१४ पट वाढवून कापावा लागतो. १० मिमीला साधारण ३१ मिमी. मी वाढवला नाही आणि पहिली मांडीकवचं पोटऱ्यांवरच अडकली. दुसरी चूक मोठी होती. मापं देताना मी ताठ उभी होते, हात खाली सोडून. त्यामुळे चिलखत ताठ उभं राहण्यासाठीच बनलं.

गणपतीत ते कळलं. मंचावर वीस मिनिटांचा कार्यक्रम, पण आमचा क्रमांक येईपर्यंत दोन तास थांबायचं होतं आणि मला बसताच येईना. बसायला गेलं की छातीपटाची खालची कड मांडीकवचांवर आपटून वर सरकायची आणि गळ्याला लागायची. हात पुढे घेतला की काखेत कड रुतायची. घरी येऊन बघते तर दोन्ही काखांत लाल वळ. बाथरूमला जायचं तर बहिणीला बरोबर न्यावं लागलं, आणि उतरवून परत चढवायला पंधरा मिनिटं गेली.

त्यानंतर मी जुन्या चिलखतांकडे बघायला लागले. आपल्याकडे चारआईना नावाचा प्रकार होता: छाती, पाठ आणि दोन बगला असे चार सुटे पत्रे, पट्ट्यांनी जोडलेले, साखळीच्या अंगरख्यावर बांधायचे. त्यातले बगलेचे पत्रे आखूड असतात आणि वरून चंद्रकोरीसारखे खोल कापलेले असतात, हात हलावा म्हणून. लढणाऱ्या माणसाला हात पुढे घ्यावाच लागतो, त्यामुळे हा प्रश्न त्या कारागिरांनी शेकडो वर्षांपूर्वी सोडवून ठेवला होता. मी माझा एकसंध छातीपट चार तुकड्यांत कापला. मनाला लागलं, कारण त्यावर तीन आठवडे गेले होते. बगलांना तशीच कोर दिली, छातीची खालची कड बेंबीच्या चार बोटं वर आणली आणि मधल्या पोटाला तीन पट्ट्या एकमेकींवर चढवून, आतून निवारीच्या पट्टीवर चिकटवल्या. आता मी बसू शकते, वाकून बुटाची लेस बांधू शकते. मांडीकवचं आधी मांडीभोवती इलॅस्टिकने आवळलेली होती. घामाने इलॅस्टिक सैलावलं की ती चालता चालता फिरायची. आता ती कमरेच्या पट्ट्याला टांगली आहेत आणि मांडीला फक्त एक सैल पट्टा आहे. सगळ्या बदलांत हा सगळ्यात जास्त उपयोगी पडला.

चिकटवण्यासाठी चांभार वापरतात ते सोल्यूशनच लागतं. दोन्ही तोंडांना पातळ हात द्यायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की जोडायचं, आणि एकदा जोडलं की सरकवता येत नाही. मी ते जुलैच्या झडीत केलं. सोल्यूशनमधला द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं. जोडावर पांढुरकी छटा दिसत होती, तिचा अर्थ मला कळला नाही. ऑक्टोबरमध्ये तेच जोड एकेक करून सुटले. शीट घेतल्या त्या दुकानदारांना विचारलं तर म्हणाले, "ताई, पावसात दोन्ही तोंडं आधी जरा शेकून घ्या." हीट गनने, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणाऱ्या यंत्राने, कोमट करून परत चिकटवलेला एकही जोड अजून उघडलेला नाही. आणि कृपा करून हे काम बंद खोलीत करू नका. मी दोन रात्री खिडक्या लावून केलं आणि दोन्ही सकाळी डोकं ठणकत होतं. साधा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही, त्यासाठी वाफ शोषणारी डबी लावलेला, कार्ट्रिजवाला मास्क लागतो. मी आता गॅलरीतच बसते.

रंगाबद्दल थोडक्यात. आधी हीट गन फिरवून फोमची छिद्रं बंद केली, मग पांढऱ्या फेविकॉलमध्ये पाणी घालून चार हात, हे छान टिकलं. त्यावर मारलेला, लोखंडाला देतात तो स्प्रे रंग मात्र कोपरापाशी दोनदाच वाकवल्यावर चिरला. तिथे खरवडून ॲक्रिलिक रंग दिला, तो फोमबरोबर वाकतो.

शिरस्त्राणाला मी जास्त वेळ द्यायला हवा होता. काच म्हणून वाकवलेली पारदर्शक प्लास्टिक शीट आहे आणि ती पाच मिनिटांत धुकटायची. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून ५ व्होल्टचे दोन छोटे पंखे आणले. आधी ते चेहऱ्यावर वारा येईल असे लावले, डोळे कोरडे पडले आणि धुकं तसंच राहिलं. मग उलटे फिरवून, मागच्या बाजूला, आतली दमट हवा बाहेर फेकतील असे बसवले, आणि काच स्वच्छ राहायला लागली. छातीवरचा निळा दिवा वेगळ्या पॉवर बँकेवर होता, तो अर्ध्या मिनिटात आपोआप विझायचा. महिनाभर मी वायरिंग तपासत होते. कारण साधं होतं: ओढला जाणारा करंट फार कमी असला की बऱ्याच पॉवर बँका काम संपलं असं समजून बंद होतात. पंखे आणि दिवा एकाच पॉवर बँकेवर घेतले, तेव्हापासून विझला नाही. खालचं मात्र अजूनही दिसत नाही. जिना असेल तिथे शिरस्त्राण काढून हातात घ्यायचं आणि कोणाचा तरी खांदा धरायचा.

वेताळ टेकडीवर सकाळी सातला पोचलो आणि नऊला उतरलो, त्यापुढे थांबणं शक्य नव्हतं. फोम उष्णता आतच धरून ठेवतो. आत जाड सुती काळे कपडे होते, ते भिजून जड झाले. आता खेळाडू घालतात ते पातळ टी-शर्ट घेतलेत. परतताना मैत्रिणीच्या गाडीच्या डिकीत खांदेकवचं तासभर उन्हात राहिली, तर एकाचा गोलावा पसरट झाला. हीट गनने परत वळवला, पण डाव्या-उजव्यात फरक दिसतो. ओलसर फडक्याने आतून पुसून रात्रभर पंख्याखाली ठेवलं की वास राहत नाही.

एकूण खर्च सात हजारांच्या आसपास गेला, हीट गन धरून. त्यातले दोन हजार तरी वाया गेलेल्या फोमचे आहेत. पुन्हा बनवेन का, तर बनवतेच आहे. सध्या कोपराचं काम सुरू आहे: पोटासारख्याच तीन पट्ट्या, निवारीवर. या वेळी आईने माप घेतलं ते मी खुर्चीत बसून, हात डोक्यावर धरून दिलं. परवा पाऊस सुरू झाला, म्हणून चिकटवायचं थांबवलंय. हवा कोरडी झाली की पुढचं.