मोटर वाचवणाऱ्या पेटीपायी 59,550 रुपये गेले

दारव्हा तालुक्यात माझी लहानशी दालमिल आहे. हसायचं त्यांनी हसा, पण ही पेटी विकणारे अजून आपल्याच भागात फिरताहेत म्हणून लिहितो.

ब्लोअरच्या (हवा मारणाऱ्या पंख्याच्या) मोटरवर व्हीएफडी ड्राइव्ह आहे, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र. बंद करताना तो अधूनमधून 'ओव्हरव्होल्टेज' दाखवून ट्रिप व्हायचा. त्यात उन्हाळा, पारा 45 वर, आणि आमच्या डीपीचं (ट्रान्सफॉर्मरचं) व्होल्टेज कधी 360 तर कधी 460. नेमकी तेव्हाच गाडी दारात. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. "भाऊ, व्होल्टेज वाढो की मोटर तापो, पेटी सांभाळते." एकीचे 14,500. दोन घेतल्या, 29,000. बसवणाऱ्या पोट्ट्याचे वर 1,000.

एक पेटी रोलरच्या 10 एचपी मोटरच्या स्टार्टरला लावली, दुसरी ड्राइव्ह आणि ब्लोअरच्या मधल्या वायरींना. वायरभोवती अडकवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावून दाखवलं, 14 अँपिअरचे 11 झाले. अरे, पेटीत होते कपॅसिटर (वीज साठवून परत सोडणारा भाग), अन् तो जोडला की मागच्या, मीटरकडच्या लाइनचा अँपिअर उतरणारच! मोटरच्या वायरला क्लॅम्प लावला असता तर आकडा हलला नसता. मोटरच्या आतलं तारेचं वाइंडिंग तापायचं तेवढं तापतच राहतं.

खरी चीड वेगळ्याच गोष्टीची येते. पेटीत तीन वायरी गेल्या, बाहेर एकही आली नाही. टॉर्च माझ्याच हातात होता! जी वस्तू लाइन तोडूच शकत नाही, ती मोटर काय कप्पाळ वाचवणार? वरून त्या पोट्ट्यानं ओव्हरलोड रिले, म्हणजे करंट वाढला की मोटर बंद करणारा भाग, बायपास केला. म्हणे, "आता ह्या रिलेचं काम नाही, फुकट ट्रिप मारतो." तिथंच त्याला हाकलायला पाहिजे होतं. पण तुरीचा हंगाम, पोत्यांची थप्पी लागलेली, आणि मी काही आयटीआय केलेला माणूस नाही. छापील बिल अन् जीएसटी नंबर पाहून कोणीही विश्वास ठेवला असता. तो नंबर 15 अक्षरी असतो, बिलावर 14 च होती हे नंतर कळलं.

पुढं व्हायचं तेच झालं. ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर चालतच नाही, करंटचे झटके बसून आयजीबीटी (ड्राइव्हमधले करंट चालू-बंद करणारे भाग) उडाले. दुरुस्ती 21,700. वॉरंटी नाकारली, कारण मॅन्युअलमध्येच मनाई छापलेली. रोलरमध्ये खडा अडकला, रिले नव्हता, मोटर धूर निघेपर्यंत ओढत राहिली. भरून आणायचे 7,850. पेटी फोडली तर आत तीन कपॅसिटर, एक हिरवा दिवा अन् वजनासाठी डांबरात कालवलेली वाळू.

आणि ड्राइव्हचं मूळ दुखणं? ब्लोअर जड, झटक्यात थांबवला की त्याची ऊर्जा उलटी ड्राइव्हमध्ये येते आणि आतलं डीसी व्होल्टेज चढतं. मिस्त्रीनं थांबण्याचा वेळ 5 सेकंदांवरून 30 केला, ट्रिप बंद. चहावर काम झालं! जिथं लवकर थांबवणं भागच असतं तिथं ती ऊर्जा उष्णतेत जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावतात.

वीज कार्यालयात गेलो तर "मीटरच्या पुढचं आमचं नाही." ठाण्यात बिल उलटंपालटं करून म्हणाले, "पावती आहे ना? मग दिवाणी मॅटर." खोटं सांगून पैसे उकळणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं कलम 318 मग कशासाठी आहे? अर्जाची पोच मागितली तर साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी शिक्का सापडेना. पेटी टेबलावर ठेवली तर "हे उचला आधी." एकानं शहाणपण शिकवलं की धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. साफ चूक. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक कायद्यात बसते, 5 लाखांपर्यंत जिल्हा आयोगात फी नाही, मुदत 2 वर्षं. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मी तक्रार टाकली आहे.

कोणी पेटी घेऊन आलं तर बिलावरचा नंबर जीएसटी पोर्टलवर टाकून पाहा, रोख देऊ नका, आणि मोटरच्या वायरलाच क्लॅम्प लावायला सांगा. ओव्हरलोड रिले मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला सेट करा. व्होल्टेज अन् फेज पाहणारा, कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला लाइन तोडणारा स्विच) पाडणारा रिले वेगळा मिळतो, तो लावा. ज्यांनी ही पेटी ड्राइव्ह आणि मोटरच्या मधात बसवली असेल त्यांनी मेन बंद करून, आतला चार्ज उतरू देऊन, मिस्त्रीकडून ती आजच काढून घ्या. फोडून फोटो काढून ठेवा, बिल फेकू नका.