वेलस्लीचं ‘1804चं’ एनग्रेव्हिंग आणि माझे 43,350 रुपये

चित्राचे 38,500, फ्रेमचे 4,200, कुरियरचे 650. जाहिरातीत होतं, ‘असईचा विजेता आर्थर वेलस्ली, तांब्याच्या पत्र्यावरचं अस्सल एनग्रेव्हिंग, लंडन 1804.’ हातात पडलं ते ऑफसेटचं, म्हणजे आधुनिक यंत्रावर छापलेलं पान.

जळफळाट होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. चित्राखाली मथळा होता, ‘ड्यूक ऑफ वेलिंग्टन’. अहो, असईची लढाई 23 सप्टेंबर 1803ची. उमरावाचा मुलगा असला तरी तेव्हा तो नुसता मेजर जनरल. ड्यूक झाला 1814 साली! दहा वर्षं आधी ती पदवी पत्र्यावर कोरली कुणी, ज्योतिषानं? व्हॉट्सॲपवरच्या फोटोत ती ओळ स्वच्छ वाचता येत होती. मी छातीवरची पदकं न्याहाळत बसलो.

माझ्या बाजूनं एवढंच, की प्लेटमार्क होता. एनग्रेव्हिंगमध्ये चित्र पत्र्यावर कोरतात; शाई भरून तो पत्रा ओल्या कागदावर दाबला की कडेनं खोलगट चौकट उठते, ती बोटाला लागत होती. कोरा पत्रा दाबूनही ती उठवतात, हे मागाहून कळलं. शाई बघा. कोरलेल्या रेषेतली शाई कागदावर किंचित उंच बसते, रेष टोकाला निमुळती होते. दहापट भिंगाखाली माझ्या साहेबाच्या गालावर एकसारख्या अंतराची ठिपक्यांची जाळी निघाली, ती छपाई यंत्राची. स्टिपलमध्येही, म्हणजे ठिपक्यांनी कोरलेल्या एनग्रेव्हिंगमध्येही, ठिपके असतात, पण ते हातानं टोचलेले, लहानमोठे. अतिनील टॉर्च मारल्यावर कागद निळसर पांढरा उजळला, म्हणजे त्यात कागद पांढरा दिसावा म्हणून घालतात ती आधुनिक रसायनं, कागद विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा. पिवळेपणा चहाचा, माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) झाकलेली कडही तेवढीच पिवळी. भिंग 300 रुपयांना मिळतं, आधी घ्या.

पोलीस ठाण्यात चार फेऱ्या झाल्या. ‘वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?’ मग तज्ज्ञाचा दाखला आणा म्हणाले. संग्रहालयवाले म्हणे खासगी वस्तूंना दाखला देत नाहीत. तिसऱ्यांदा साहेब बंदोबस्ताला. चौथ्यांदा, ‘ऑनलाइन करा’. ऑनलाइन केलं तर उत्तर, जवळच्या ठाण्यात जा. बँकेचं एकच पालुपद, पिन तुम्हीच टाकलात.

मागची बाजू आणि चारही कडा उजेडात दाखवल्याशिवाय यूपीआय करू नका. आणि विक्रेत्याला परवाना विचारा. 100 वर्षांपुढच्या वस्तूंचा धंदा करायला 1972च्या कायद्यानं तो लागतो. मी पैसे गेल्यावर विचारला. त्याचं उत्तर आलं, ‘साहेब, वस्तू जुनी असती तर लागला असता.’ स्क्रीनशॉट चौथ्या अर्जाला जोडलाय.