नोड-रेड आठ महिने वापरल्यावर: तीन टॅबला भारी, चौदाला डोकेदुखी

लातूर एमआयडीसीतल्या एका डाळमिलचं ऑटोमेशन माझ्याकडंय. तूर सुरू व्हायच्या टायमाला तिथं रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा कॉम्प्युटर) नोड-रेड टाकलं, म्हणजे स्क्रीनवर डबे वायरीनं जोडून प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर. तीन मोटारींचे अँपिअर, ड्रायरचं टेंपरेचर, बास. डबे ओढा, वायर जोडा, डिप्लॉय मारा (म्हणजे प्रोग्रॅम चालू), दुपारपर्यंत डॅशबोर्ड मालकाच्या मोबाईलवर. लई खूश होतो.

मग मालक म्हणले काटा घ्या, कट्टे मोजा, महिन्याचा रिपोर्ट द्या, असं करत करत 14 टॅब (डब्यांची पानं) झाले अन् कुठली वायर कुठं जाते ते मलाच सापडंना.

पहिला दणका लाईटनं दिला. गेली, आली, अन् कट्टे झिरो. मुनीमकाकांचा फोन, "सकाळपासून 640 भरले की हो, तुमचं मशीन म्हणतंय एकबी नाही!" चूक माझीच. कॉन्टेक्स्ट (नोड-रेडनं लक्षात ठेवलेले आकडे) बाय डिफॉल्ट मेमरीत राहतो, लाईट गेली की पुसतो, फाईलीत ठेवायचं सेटिंग आपण करायचं असतं, डॉक्युमेंटेशनमधी लिहिलेलं आहे पण वाचतंय कोण. ते केलं तरी लिहिणं दर 30 सेकंदाला होतं, म्हणजे मधले चारदोन कट्टे गेलेच. शेवटी मोजणी पीएलसीच्या (मशीन चालवणारा कंट्रोलर) रिटेन्टिव्ह रजिस्टरमधी नेली, लाईट गेली तरी आकडा तिथं टिकतो.

रिपोर्टचं तर विचारूच नका. फंक्शन नोडमधी (आपला कोड लिहायचा डबा) महिन्याभराच्या डेटावर लूप फिरवला अन् सगळंच गोठलं, कारण खाली नोड जेएस (जावास्क्रिप्ट चालवणारं सॉफ्टवेअर), थ्रेड एकच, म्हणजे एका वेळी एकच काम, एक डबा अडला की बाकीचे लाईनीत उभे. ड्रायरचा अलार्म त्यातच अडकला होता. कटऑफ (जास्त तापलं की ड्रायर बंद) पीएलसीवर ठेवलेला म्हणून डाळ वाचली.

फुल डिप्लॉयनं सगळे टॅब बंद होऊन परत चालू होतात, चालू मिलमधी ते मारू नका, मॉडिफाइड नोड्स ठेवा, म्हणजे बदललेलेच डबे परत चालू होतात.

सगळ्यात जास्त वैताग गिटचा (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर). सगळे फ्लो एकाच जेसन फाईलीत, डबा जरा सरकवला तरी त्याचे एक्स-वाय बदलतात. नव्या पोरानं हौसेनं डबे ओळीत लावले, डिफमधी (जुन्या-नव्यातला फरक दाखवणारी यादी) शेकडो ओळी लाल-हिरव्या, अन् त्यात काट्याच्या आकड्याला गुणायच्या 0.1 चं 0.01 झालेलं कुणालाच दिसलं नाही. दोन दिवस काटा 50 किलोचा कट्टा 5 किलो दाखवत होता, हमाल हसत होते.

आता नोड-रेडचे तीन वेगळे इन्स्टन्स (स्वतंत्र कॉपी) केलेत, 1880, 1881, 1882 पोर्टवर, मधी एकमेकांना निरोप पोचवायला एमक्यूटीटी. एक बसला तरी बाकीचे चालतेत. छोट्या कामाला मी अजून हेच वापरीन.

मुनीमकाका मात्र वहीत कट्टे लिहितेतच, संध्याकाळी डॅशबोर्डचा आकडा मी त्यांच्या वहीशी जुळवून बघतो.