पेआउट रिपोर्टचं टूल एजंटला समजावताना: ओपनएपीआय की मार्कडाऊन?

पेआउटचा, म्हणजे पेमेंट कंपनीकडून आपल्या बँकेत येणाऱ्या पैशांचा, रिपोर्ट काढणारं टूल एआय एजंटच्या (स्वतःहून टूल चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हाती द्यायचं, तर त्या टूलची माहिती लिहायची कशी? एक वाट ओपनएपीआयच्या स्कीमाची, म्हणजे ठरलेल्या साच्यातल्या तांत्रिक वर्णनाची: प्रत्येक फील्डचं नाव, प्रकार, सक्तीचं की ऐच्छिक. दुसरी साध्या मार्कडाऊनची, म्हणजे मोजक्या खुणा वापरून लिहिलेल्या साध्या मजकुराची, नव्या माणसाला समजवावं तशी दोन पानं.

स्कीमा काटेकोर. एजंटने तारखेच्या जागी 'गेला महिना' असं पाठवलं की विनंती दारातच अडते. कोडमधून स्कीमा आपोआप काढताही येते. मार्कडाऊनचं पान मात्र टूल बदललं तरी जुनंच राहतं.

पण खरी गंमत फील्डच्या अर्थामध्ये आहे. ऑनलाइन पेमेंटची सेवा देणाऱ्या स्ट्राइपचंच घ्या. तिथे रक्कम चलनाच्या सर्वांत लहान एककात, रुपयांसाठी पैशांत, येते. १२५००० म्हणजे सव्वा लाख नव्हे, साडेबाराशे रुपये! 'अमाउंट: पूर्णांक' एवढंच वाचून एजंटने बेरीज केली, तर बसा कपाळाला हात लावून. शिवाय 'पेड' दिसलेला पेआउट पुढे 'फेल्ड' होऊ शकतो. पेआउट तयार झाल्याची तारीख वेगळी, पैसे बँकेत पोचण्याची वेगळी. 'मार्चमध्ये किती आले?' या प्रश्नाला कुठली धरायची, हे मार्कडाऊनमध्ये एका वाक्यात सांगता येतं. स्कीमातही डिस्क्रिप्शनचा रकाना असतो म्हणा, पण तिथे बहुधा 'पेआउटची रक्कम' असं लिहून हात झटकलेले असतात.

मला एकच निवडायचं झालं तर स्कीमा घेईन, आणि पहिल्याच दिवशी तो रकाना भरायला बसेन. सुरुवात पैशांच्या एककापासून.