वीकेंड श्रमदान शिबिर, ३ स्टार

पुण्याजवळ एका संस्थेचं एका दिवसाचं श्रमदान असतं, ऑफिसकडून गेलो होतो. काम खरंच चांगलं, डोंगरउतारावर पावसाचं पाणी अडवायला समतल चर (उताराला आडवे, एका पातळीतले खड्डे) खणायचे, टिकाव-फावडी व्यवस्थित, दुपारी पिठलं-भाकरी आणि ठेचा एक नंबर. पण टीशर्ट वाटप, बॅनर, ग्रुप फोटो यातच सकाळ गेली आणि ऊन डोक्यावर आल्यावर खणायला लावलं राव! स्वातंत्र्यलढ्याच्या काळात, १९४१ ला स्वयंसेवकांचं राष्ट्र सेवा दल उभं राहिलं, १९६९ ला गांधी जन्मशताब्दीत सरकारने कॉलेजात एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) आणलं, आणि २०१४ पासून मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले २ टक्के समाजकामाला द्यायचा सीएसआरचा नियम आला तर आता एचआरचा मेल आला की आपण स्वयंसेवक. चालतंय, चर तर होतात. फक्त पावसाळ्यात पाणी थांबलं का ते बघायला कोणी नेत नाही, तिथे २ स्टार कापले. टोपी घरूनच न्या.