जपानच्या नेंकिनचे पैसे आणि मी कुरिअर केलेला तो कागद

जपानच्या नेंकिनमधले, म्हणजे तिथल्या पेन्शनमधले, माझे २,६९,५४४ येन गेले. रुपयांत साधारण दीड लाख. चोरी झाली नाही, खातं हॅक झालं नाही, कुणाला ओटीपी दिला नाही. मी स्वतः सह्या केल्या, बँकेचा शिक्का आणला आणि मूळ कागद कुरिअरने पाठवून दिला. जपानमध्ये नोकरी करून परतलेल्यांनी आणि परतायच्या बेतात असलेल्यांनी हे वाचावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

मी २०१९ च्या एप्रिलमध्ये आयची प्रांतात ओकाझाकीजवळच्या एका कारखान्यात डिझाइन इंजिनिअर म्हणून लागले. जपानी कंपनीची थेट नोकरी, त्यामुळे पहिल्या पगारापासून कोसेई नेंकिन कापलं जायचं. हे तिथलं नोकरदारांचं पेन्शन. पगाराच्या १८.३ टक्के, त्यातला निम्मा वाटा आपला आणि निम्मा कंपनीचा. ज्यांचं मानक वेतन ३ लाख येन धरलं जातं, त्यांचे महिन्याला २७,४५० येन जातात. पगाराच्या स्लिपवर तो आकडा दर महिन्याला दिसायचा, आणि म्हातारपणी जपानमध्ये थोडीच राहणार आहोत, असं वाटून जीव हळहळायचा. मग कळलं की परदेशी माणसाने किमान ६ महिने हप्ते भरले असतील आणि तो देश सोडून गेला, तर ठरावीक रक्कम एकरकमी परत मिळते. तिचं नाव दात्ताई इचिजिकिन. २०२१ च्या एप्रिलपासून जास्तीत जास्त ६० महिन्यांचा हिशेब धरतात, त्याआधी ३६ महिन्यांचाच धरत.

२०२३ च्या मार्चअखेर मी नोकरी सोडली. आईचं डायलिसिस सुरू झालं होतं. धाकटा भाऊ एकटा मिरजेत सगळं बघत होता, आठवड्यातून तीनदा दवाखाना, शिवाय त्याची नोकरी. मला आणखी थांबणं शक्य नव्हतं. शियाकुशोत, म्हणजे तिथल्या महापालिकेत, जाऊन पत्ता काढल्याची नोंद केली, खोली रिकामी केली आणि आले. नेंकिनचे पैसे मिळाले तर आईच्या उपचाराला उपयोगी पडतील, हे डोक्यात होतंच.

तो माणूस नागोयाकडच्या मराठी मंडळींच्या एका व्हॉट्सअॅप गटावर भेटला. बरीच वर्षं जपानमध्ये राहिलेला, जपानी अस्खलित. त्याने पहिल्याच फोनवर विचारलं, "ताई, मिरजेच्या का? माझी सासुरवाडी तासगावची." तिथेच माझी अर्धी शंका गळून पडली. परदेशात चार वर्षं काढल्यावर आपल्याकडचं गाव कुणी नुसतं उच्चारलं तरी आपला माणूस भेटल्यासारखं वाटतं. त्याने आईची चौकशी केली. पुढच्या फोनवर तिचं क्रिएटिनिन किती आहे तेही विचारलं. पैशाचं बोलणं तिसऱ्या फोनवर निघालं.

त्याने तीन गोष्टी सांगितल्या. अर्ज ३ महिन्यांत करावा लागतो. भारतातून थेट पाठवलेले अर्ज नामंजूर होतात. आणि जपान सरकार २० टक्के कर कापून घेतं, तो परत येत नाही, त्याची आशा धरू नका. त्याची फी हातात पडलेल्या रकमेच्या १० टक्के आणि अर्जाचे म्हणून २०,००० येन आधी.

आज मला ठाऊक आहे की तिन्ही गोष्टी खोट्या होत्या. जपानमधला पत्ता निघाल्यापासून अर्जाला २ वर्षांची मुदत असते. अर्ज भारतातून टपालाने पाठवता येतो. नेंकिन किको म्हणजे तिथली पेन्शन संस्था, तिचं मुख्य कार्यालय तोक्योच्या सुगिनामी भागात आहे. अर्जाचा नमुना त्यांच्याच साइटवर इंग्रजीसह बऱ्याच भाषांत मिळतो आणि अर्जाला एक येनही फी नाही, टपालखर्च सोडला तर. सोबत पासपोर्टची प्रत, आपला नेंकिन नंबर दाखवणारा कागद आणि आपल्याच नावावरच्या खात्याचा बँकेने दिलेला पुरावा, एवढंच लागतं. कराचं मात्र सविस्तर सांगावं लागेल, कारण माझे पैसे तिथेच गेले.

त्याने पीडीएफ पाठवल्या. कुठे सही करायची तिथे गुलाबी खुणा केलेल्या. मुख्य अर्ज जपानी आणि इंग्रजी दोन्हींत होता, तो मी वाचला. तो घेऊन बँकेत गेले तर तिथल्या मॅडमनी चष्मा वर करून विचारलं, "हे जपानी कशाचं आहे हो?" मी अभिमानाने सांगितलं, माझ्या पेन्शनचं. त्यांनी शिक्का मारला. त्या गठ्ठ्यात आणखी एक पान होतं, फक्त जपानीत. माझं जपानी बोलण्यापुरतं बरं, वाचायला कच्चं. पण वरच्या ओळीतलं एक अक्षर मला ओळखू आलं, "झेई", म्हणजे कर. पगाराच्या स्लिपवर चार वर्षं ते पाहिलेलं. मी लगेच मेसेज केला की हे कराचं काय आहे? त्याचं उत्तर आलं, "फॉर्मॅलिटी आहे ताई, मी आहे ना." मी सही केली.

ते पान नोझेई कान्रिनिन नेमल्याची सूचना होती. देश सोडून गेलेल्या माणसाच्या वतीने जपानच्या कर कार्यालयाशी व्यवहार करणारा प्रतिनिधी, असा त्याचा अर्थ. माझा प्रतिनिधी म्हणून तिथे त्याचं नाव होतं.

ऑक्टोबरात पैसे आले. १०,५०,४५६ येनचे रुपये बँकेने कमिशन कापून खात्यात जमा केले. आईला सांगितलं तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. मी त्याच दिवशी १० टक्के त्याला पाठवले, वर आभाराचा मोठा मेसेजही लिहिला.

आठवड्याभराने टपालाने कागद आला. पातळ लिफाफा, आत एकच पान, रक्कम मंजूर झाल्याची सूचना. त्यावर आकड्यांच्या ओळी होत्या. एकूण मंजूर रक्कम १३,२०,०००. कापलेला आयकर २,६९,५४४. उरलेली १०,५०,४५६. भावाने सहज मोबाइलवर त्याचा फोटो काढला. त्याला सगळ्या कागदांचे फोटो काढून ठेवायची सवय आहे, आईच्या रिपोर्टांमुळे लागलेली. दुसऱ्याच दिवशी त्या माणसाचा फोन. "ताई, एक कागद आला असेल बघा. मूळ प्रत मला पाठवा, नेंकिन ऑफिसात जमा करून फाइल बंद करावी लागते. नाहीतर पुढे व्हिसाला अडचण येते." मी कुरिअरला १,८०० रुपये घालून तो पाठवला. पोहोचल्याचा अंगठा त्याने मेसेजवर दिला. त्यानंतर त्याचा एकही मेसेज नाही. काम झालं होतं, म्हणून मलाही खटकलं नाही.

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये माझ्याच कारखान्यातल्या, आधीच नाशिकला परतलेल्या एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्याशी बोलताना ती सहज म्हणाली, "अगं, माझा कर पण आला परत, पूर्ण." मी म्हटलं, कसला कर? तिने समजावलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला.

कोसेई नेंकिनच्या या रकमेतून २०.४२ टक्के आयकर आधीच कापतात, हे खरं. पण कर कार्यालयात विवरणपत्र भरून ती रक्कम निवृत्तीचं उत्पन्न म्हणून धरायला सांगता येते, आणि त्या उत्पन्नाला मोठी वजावट आहे. नोकरीच्या पहिल्या २० वर्षांपर्यंत दर वर्षाला ४ लाख येन. माझी चार वर्षं, म्हणजे १६ लाखांची वजावट. माझी एकूण रक्कम १३ लाख २० हजार, म्हणजे कर शून्य. कापलेला सगळाच्या सगळा कर माझा होता. हे विवरणपत्र ५ वर्षांपर्यंत भरता येतं. पण ते देशाबाहेरून आपण भरत नाही, आपला नोझेई कान्रिनिन भरतो. त्याला मंजुरीचा तो कागद जोडावा लागतो. आणि परतावा येतो तो बहुतेक वेळा त्या प्रतिनिधीच्याच जपानमधल्या खात्यात. त्याने तो आपल्याला पाठवायचा असतो.

सही मी दिली होती. कागदही मीच दिला होता.

माझ्या जुन्या पत्त्याच्या कर कार्यालयाला फोन केला. मोडक्या जपानीत सगळं सांगितलं. समोरच्या बाईंनी फार सभ्यपणे ऐकून घेतलं, पण रक्कम आणि खात्याचा तपशील फोनवर सांगता येणार नाही म्हणाल्या. शेवटी कारखान्यातल्या माझ्या जुन्या सहकारी, माझ्या आईच्या वयाच्या जपानी बाई, मदतीला आल्या. त्या माझ्या नव्या प्रतिनिधी झाल्या, मीही त्यांना सगळी कागदपत्रं पाठवली, आणि दोन महिन्यांनी स्पष्ट झालं. विवरणपत्र २०२४ च्या सुरुवातीलाच भरलं होतं. पूर्ण परतावा मार्चमध्ये नोंदलेल्या प्रतिनिधीच्या खात्यात जमा झाला होता. कर कार्यालयाच्या लेखी सगळं नियमाप्रमाणे होतं, त्यांनी एकदा दिलेले पैसे ते पुन्हा देणार नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. माझी सही खरी होती.

त्या बाईंनी फोनवर माझी माफी मागितली. आमच्या देशात हे झालं, म्हणाल्या. त्या दिवशी मला रडू आवरलं नाही, पैशांसाठी नाही, त्यांच्या त्या शब्दांसाठी.

एक गोष्ट मी वेगळी ठेवते. त्याने घेतलेले १० टक्के मी कबूल केले होते. जास्त होते, फुकटच्या कामाचे होते, पण मी हो म्हटलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. कराचा परतावा आहे हे लपवणं आणि तो स्वतःच्या खात्यात घेऊन गप्प बसणं, ही फसवणूक आहे. आणि काम करायचा त्याला अधिकारही नव्हता. जपानमध्ये पैसे घेऊन दुसऱ्याचे पेन्शनचे अर्ज तयार करायचं काम परवानाधारक शारोशीचं, आणि कराची विवरणपत्रं भरून द्यायचं काम झेइरिशीचं. प्रतिनिधी म्हणून मात्र कुणीही चालतो, तिथे राहणारा विश्वासू मित्रसुद्धा. जायच्या आधी अशा एखाद्या माणसाला विचारून ठेवा आणि त्याचं नाव तुम्ही स्वतः कर कार्यालयात द्या. माझ्या त्या सहकारी बाईंना मी आधीच विचारलं असतं तर त्यांनी आनंदाने केलं असतं. त्यांना त्रास कशाला, या संकोचाने मी विचारलं नाही आणि अनोळखी माणसाला सही दिली.

मंजुरीचा कागद आला की दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि मूळ प्रत फक्त तुमच्या प्रतिनिधीला द्या, तीही तो कशासाठी मागतो आहे ते लेखी घेऊन. नेंकिन कार्यालयाला तो कागद परत नको असतो. फाइल बंद करणं वगैरे काही नसतं.

आणखी एक, जे त्याने मला सांगितलंच नाही. भारत आणि जपान यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार आहे, १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू. त्यामुळे दोन्हीकडच्या नोकरीची वर्षं पेन्शनच्या पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. जपानमध्ये पेन्शनला किमान १० वर्षं लागतात. एकरकमी पैसे घेतले की तो सगळा काळ पुसला जातो, मग तो कशातच मोजत नाहीत. माझ्यासारखीला चार वर्षांनंतर घाईने पैसे हवे होते, ते ठीक. पण जो आठ-नऊ वर्षं राहिला आहे, त्याने अर्जावर सही करायच्या आधी बसून हिशेब करावा. ६० महिन्यांपुढचे हप्ते एकरकमी परताव्यात धरलेच जात नाहीत, हेही त्या हिशेबात घ्यावं. दलालाला तुमच्या म्हातारपणाशी देणंघेणं नसतं. त्याची फी एकरकमी पैशावरच असते.

तक्रारी केल्या. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, सांगलीला सायबर पोलिसांकडे अर्ज दिला. अर्ज घेतला, पण पैसे जपानमधल्या खात्यातून जपानमधल्याच खात्यात गेलेले, माझ्या भारतातल्या खात्यातून एक रुपयाही फसवून काढलेला नाही, म्हणून गाडी पुढे सरकत नाही. तिकडे माझ्या सहकारी बाई होतेरासु या सरकारी कायदा-मदत केंद्रात जाऊन आल्या. त्यांच्या सांगण्यावरून त्याला नाइयो शोमेइ पाठवलं, म्हणजे आतल्या मजकुराची टपालखात्याने नोंद ठेवलेलं पत्र. प्रतिनिधीने मिळालेला पैसा ज्याचा आहे त्याला दिलाच पाहिजे, असं त्यात लिहिलं होतं. लिफाफा परत आला. त्या पत्त्यावर तो राहत नाही.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका गटावर एक जाहिरात दिसली. नेंकिन परतावा, खात्रीशीर, भारतात बसून, फक्त १० टक्के. नंबर वेगळा होता, पण ३ महिन्यांच्या मुदतीचं वाक्य शब्दाशब्दाला तेच. मी त्याखाली भावाने काढलेला माझ्या कागदाचा फोटो टाकला, नाव आणि नंबर झाकून, मधल्या आकड्याभोवती लाल गोल करून. संध्याकाळपर्यंत चौघांचे फोन आले. दोघांनी कागद आधीच पाठवून दिला होता. दोघांचा अजून घरात होता.