मॉडेल घोडे घेताना ३४,५०० रुपयांना फसले, वर माझं खोगीर पण गेलं

खूप दिवस लिहू की नको असं चाललं होतं. घरचे म्हणाले झालं ते झालं, सोड आता. पण मागच्या आठवड्यात जळगावच्या एका मुलीचा फोन आला, ती पण मॉडेल घोडे जमवते, म्हणाली ताई एकजण मोठं कलेक्शन विकतोय, सोबत चामड्याचं खोगीर पण आहे, ॲडव्हान्स टाकू का. तिने फोटो पाठवला तर ते खोगीर माझं होतं. माझ्या हातचं. त्या रात्री मला झोप लागली नाही, म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहितेय. लांब होईल, पण घोडे जमवणाऱ्यांनी आणि साज करणाऱ्यांनी तरी पूर्ण वाचा.

मी नाशिकची, इंदिरानगरला राहते. माझे आजोबा टांगा चालवायचे, नाशिकरोड स्टेशन ते पंचवटी. ओसरीत खुंटीला तंग (पोटाखालून आवळायचा पट्टा), दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा), मोहरकी (तोंडावर बांधायचे पट्टे), लगाम असं सगळं लटकलेलं असायचं आणि रविवारी चामड्याला तेल चोळायचं काम आम्हा नातवंडांकडे. पुढे रिक्षा वाढल्या, टांगा बंद झाला, घोडी विकली, साज कुठे गेला ते आता घरात कुणालाच आठवत नाही. वास मात्र मला अजून आठवतो. म्हणून चुलत भावाने अमेरिकेहून येताना माझ्यासाठी ब्रायरचा घोडा आणला तेव्हा मनात पहिलं हेच आलं की याला आजोबांच्या घोडीसारखा साज पाहिजे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, पुढे लागणार आहे. ब्रायर ही मूळची शिकागोची प्लास्टिकच्या वस्तू बनवणारी कंपनी. १९५० मध्ये त्यांना एका घड्याळाच्या सजावटीसाठी घोडा करून द्यायची ऑर्डर मिळाली, लोकांना तो घोडाच जास्त आवडला आणि मग घोडे हाच त्यांचा धंदा झाला. त्या पहिल्या घोड्याला काढता घालता येणारं प्लास्टिकचं खोगीर होतं आणि साखळीचा लगाम. १९८४ पासून कंपनी रीव्ह्ज इंटरनॅशनलकडे आहे. मोठा साइज 'ट्रॅडिशनल', तो १:९, म्हणजे खऱ्या घोड्याच्या नवव्या हिश्शाच्या मापाचा, त्याखाली क्लासिक १:१२ आणि तळहातावर मावणारे स्टेबलमेट १:३२. मोठ्या घोड्यांचं प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेट असतं, आतून पोकळ, आणि रंगकाम हाताने केलेलं.

आता १:९ चा साज म्हणजे काय ते बघा. खऱ्या लगामाचा पट्टा साधारण १६ मिलिमीटर रुंद असतो, त्याचा नववा हिस्सा म्हणजे दोन मिलिमीटरपेक्षा पण कमी. रिकीब, म्हणजे पाय अडकवायची कडी, १२ सेंटीमीटरची असेल तर आपली १३ मिलिमीटरची. चामडं अर्ध्या मिलिमीटरचं लागतं, जाड असलं तर ते घोड्यावर साज नाही, खोक्याला बांधलेला पट्टा वाटतो. दुकानात इतकं पातळ मिळत नाही. आमच्या इथल्या एका चांभारकाकांनी मला रापीने (चामडं कापायच्या सुरीने) चामडं सोलायला शिकवलं, आडवी धरायची, दाबायची नाही, नुसती सरकवायची. पहिले दोन महिने फक्त भोकंच पाडली. बकलांसाठी तांबट लेनमधून पितळेचा पातळ पत्रा आणते, तो कानशीने घासून घासून बकल होते, एकाला दीड तास जातो. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेला मी दोनदा गेलेय ते घोडे बघायला कमी आणि साजाच्या दुकानांतली शिवण बघायला जास्त.

हा छंद आपल्याकडे महाग पडतो कारण घोडे बाहेरून येतात. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केली आणि २०२३ मध्ये ७०. तुम्ही कितीही सांगा की हे कलेक्टरचं आहे, कागदावर ते खेळणंच, आणि वरून कुरिअरचा खर्च. त्यामुळे भारतातच कुणी जुनं कलेक्शन विकतंय म्हटलं की आपण सगळे तुटून पडतो. हे त्या माणसाला बरोबर माहीत होतं.

त्याने स्वतःहून मेसेज केला. पुण्याचा आहे म्हणाला, काका परदेशात होते, ते वारले, त्यांचे घोडे माझ्याकडे आलेत, मला यातलं कळतं पण सांभाळायला जागा नाही. आणि खरंच कळत होतं हो त्याला! ट्रॅडिशनल क्लासिक सगळं माहीत, जुन्या ॲसिटेटला खराब होताना व्हिनेगरसारखा वास येतो हे त्यानेच मला सांगितलं, मोल्ड मार्क, म्हणजे अंगावरचा कंपनीचा शिक्का, कुठे असतो ते माहीत, माझ्या खोगिराचा फोटो पाहून म्हणाला तंग थोडा मागे गेलाय, आणि तो खरंच गेला होता. नाशकात माझ्याशी या विषयावर बोलणारं एक माणूस नाही. भिशीत कुणी विचारलंच तर 'खेळण्यातले घोडे ना गं' इथेच विषय संपतो. इथे हा माणूस रोज रात्री कडियाळ्याची (घोड्याच्या तोंडात बसणाऱ्या कडीची) वायर कोणत्या जाडीची, चामड्याला मेण कधी लावायचं असं विचारतोय. महिनाभर बोललो आम्ही. मी चुकले ती इथे. पैसे दिले तिथे नाही, त्याच्या बऱ्याच आधी, ज्याला आपले शब्द येतात तो आपल्यातलाच असणार असं मी धरून चालले.

आधी त्याने दोन स्टेबलमेट ९०० रुपयांना दिले. चार दिवसांत आले, नीट पॅक केलेले, एकदम खरे. तो गळाला लावलेला तुकडा होता हे आता कळतंय.

मग मोठा सौदा. एकूण बारा नग, आठ ट्रॅडिशनल, तीन क्लासिक आणि एक रेझिनचा (साच्यात ओतून घट्ट करतात त्या प्लास्टिकसारख्या द्रवाचा) मारवाडी, कुण्या कलाकाराने मर्यादित काढलेला म्हणे. सांगितले ४१,५००. मी म्हटलं एवढे नाही जमणार. तर म्हणाला तुमचं ते खोगीर द्या, मी त्याचे ७,००० धरतो, पैशांच्यात फक्त ३४,५०० द्या. माझ्या कामाची कुणी पहिल्यांदा इतकी किंमत केली होती. तीन महिने लागले होते त्या खोगिराला. मी ते पाठवून दिलं, सोबत १५,००० ॲडव्हान्स. पोटाखालचे आणि पायाच्या आतले फोटो मागितले तर म्हणाला सगळे बबल रॅपमध्ये बांधलेत, परत उघडले तर कान मोडतील, आणि बेंगळुरूचा एकजण पूर्ण पैसे देऊन न्यायला तयार आहे. मग कुरिअरच्या पावतीचा फोटो टाकला आणि तासाभरात मी उरलेले १९,५०० पाठवले. पार्सल हातात यायच्या आधी.

पार्सल आलं. बारा घोडे होते, मोजून बारा, म्हणून दहा मिनिटं मी खूश होते.

मग टेबललॅम्प लावून एकेक हातात घेतला. पहिलाच, काळा ट्रॅडिशनल, नखाने टिचकी मारली तर आवाज वेगळा, पातळ, बादलीसारखा. माझ्याकडचा खरा घोडा शेजारी घेऊन वाजवला तर फरक लगेच कळला. ब्रायरच्या ॲसिटेटच्या घोड्याला नाकपुडीत किंवा तोंडाच्या कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढं भोक असतं, आतली हवा जायला. यांना नव्हतंच, एकाला तर काळ्या रंगाचा ठिपका देऊन भोक रंगवलेलं. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला कंपनीचा गोल शिक्का असतो, तिथे हात फिरवला तर खरखरीत, पॉलिश पेपरने घासलेलं, म्हणजे दुसऱ्याच कुठल्या कंपनीचं नाव होतं ते काढून वर रंग मारलेला. (एक लक्षात ठेवा, अगदी सुरुवातीच्या काही घोड्यांवर शिक्का नसतो, त्यामुळे नुसता शिक्का नाही म्हणून खोटा असं नाही, पण घासलेली जागा म्हणजे नक्की काहीतरी लपवलंय.) पोटाची शिवण, म्हणजे दोन अर्धे भाग जोडल्याची रेघ, पण तशीच सोडलेली, खऱ्यात ती घासून बुजवतात. बाजारात मिळणारी स्वस्त खेळणी परत रंगवली होती, बाकी काही नाही.

मारवाडीचं सगळ्यात वाईट वाटलं. मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, तीच त्याची ओळख, यात्रेत लांबून पण कळतं. याचे कान वळलेले होते पण टोकं गोल, पुसट, जणू साबण झिजलाय. आयाळीच्या रेघा मऊ पडलेल्या आणि पोटाखाली बारीक बुडबुड्यांची भोकं. म्हणजे कुणाच्या तरी मूळ घोड्यावर रबराचा साचा काढून ओतलेली कॉपी. अशी कॉपी मुळापेक्षा किंचित लहान होते आणि बारीक काम जातं. ज्या कलाकाराने तो घडवला त्याची पण चोरीच ही, माझ्या एकटीची नाही. बारातला एक घोडा तेवढा खरा निघाला, एक क्लासिक, त्याचा पुढचा पाय मोडून फेविक्विकने चिकटवलेला.

त्याला फोन केला. म्हणाला मॅडम फोटोत दिसतंय तेच पाठवलंय, पार्सल मिळालं ना तुम्हाला? दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक.

मग मी ते फोटो पुन्हा नीट बघितले, महिनाभर फोनमध्ये पडून होते. कपाटाच्या मागे भिंतीवर प्लगचा पॉइंट दिसत होता, दोन चपट्या उभ्या फटी आणि खाली एक भोक. अमेरिकेतला पॉइंट. आपल्याकडे तीन गोल भोकं असतात. आणि हा म्हणाला होता आत्ताच पुण्यात घरी काढलेत फोटो. इंटरनेटवर फोटो टाकून शोधलं तर तिकडच्या कुणाच्या तरी कपाटाचेच निघाले. हे शोधायला मला पाच मिनिटं लागली, आणि ती पाच मिनिटं मी पैसे टाकायच्या आधी दिली नाहीत.

आता पैशाचं. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, मी तिथे फोन केला अकरा दिवसांनी, कारण आधी मी त्याला मेसेज करत बसले, मग घरात सांगायची लाज वाटली. तोपर्यंत पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते. पैसे गेल्याचं कळल्यावर पहिल्या तासाभरात फोन केला तर ते खात्यात अडकवून ठेवता येण्याची शक्यता जास्त असते, म्हणून आधी १९३०, मग त्या माणसाशी काय भांडायचं ते भांडा. नंतर सायबरक्राईमच्या सरकारी वेबसाइटवर तक्रार टाकली. मला विचारलं गेलं की पार्सल तर मिळालंय मग फसवणूक कशी. यावर उत्तर द्यायला माझ्याकडे खोकं उघडतानाचा व्हिडिओ नव्हता. सील न फोडलेल्या खोक्यापासून शेवटचा नग बाहेर येईपर्यंत एकाच शॉटमध्ये काढा, अगदी ओळखीच्या माणसाकडून आलं असलं तरी. त्याने पाठवलेले फोटो आणि आलेल्या घोड्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून दिले, पैसे पाठवल्याचे व्यवहार क्रमांक दिले, चॅट पूर्ण दिलं. तक्रार क्रमांक मिळालाय, पुढे अजून काही नाही.

सारंगखेड्याला मी स्वतः बघितलंय, घोडा घेणारा माणूस आधी तोंड उघडून दात बघतो, चारही पाय दाबून बघतो, पळवून बघतो, मग पैशाची भाषा. आणि मी पोटाखालचा एक फोटो न बघता ३४,५०० दिले. आता मी व्हिडिओ कॉलशिवाय काहीच घेत नाही. कॉलवर घोडा उलटा करायला सांगते, शिक्का दाखवा, नाकपुडी जवळ आणा, शेजारी आजचा पेपर ठेवा. ज्याच्याकडे खरंच घोडा आहे त्याला दोन मिनिटांचं काम आहे. पुणे काय लांब नाही, सकाळच्या बसने जाऊन बघून रात्री परत येता येतं, बारा घोड्यांसाठी मी जायलाच हवं होतं. आणि साज अदलाबदलीत आधी पाठवू नका, तुमच्या कामाचं कितीही कौतुक झालं तरी. पैशाचा निदान व्यवहार क्रमांक तरी असतो, तीन महिन्यांच्या शिवणीचा कसलाच पुरावा राहत नाही.

जळगावच्या मुलीला मी थांबवलं, तिने अजून काही दिलं नव्हतं. पण तो माणूस आता माझ्या खोगिराचे खरेखुरे फोटो दाखवून बाकीचे खोटे घोडे विकतोय, आणि ते खोगीर बघून लोकांना वाटतंय की याला यातलं कळतं. म्हणून ते कसं आहे ते लिहून ठेवते. १:९ साइज, तपकिरी बकरीचं चामडं, पितळेच्या रिकिबी, दुमचीसकट. आतून हिरव्या इरकलचं अस्तर आहे, आजीच्या लुगड्याचा तुकडा, पाठीच्या कण्यापाशी काठाची लाल रेघ येते. उजव्या बाजूचं चामडं उचललं तर खालच्या शिवणीत सातवा टाका तिरका आहे, तिथे सुई मोडली होती. आणि तंगाची डावीकडची बकल किंचित वाकडी आहे, ती सरळ करायची राहून गेली. कुणाला दिसलं तर घेऊ नका आणि मला कळवा.